बाजारातली रंगीत पिल्लं घरी आली आहेत, त्यांना नागपूरच्या उन्हाळ्यात कसं जगवू?

बेसा_रोड
१ फेब्रुवारी, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

कोंबड्या पाळायच्या असं आमच्या घरी काही ठरलेलं नव्हतं. गेल्या बुधवारी बाजारात मी मेथी निवडत होते, तेवढ्यात माझी आठ वर्षांची मुलगी एका टोपलीपुढे उकिडवी बसली ती उठेचना. टोपलीत पिल्लं होती, गुलाबी, हिरवी, जांभळी. २० रुपयाला एक. विकणारा म्हणाला, "काही लागत नाही ताई, भात टाका, मोठी होतात, अंडी देतात." आम्ही सहा घेतली. पहिल्याच रात्री हिरवं गेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी एक जांभळं. मुलीने दोन्ही पिल्लं बुटाच्या खोक्यात ठेवून सीताफळाखाली पुरली आणि मला विचारलं, "आई, आपलं काय चुकलं?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

उरलेली चार कुलरच्या रिकाम्या खोक्यात आहेत. खाली वर्तमानपत्र, वर टेबललॅम्प. रात्रभर चिवचिवतात आणि एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसतात. एका गुलाबी पिल्लाचे पाय दोन बाजूंना घसरतात, उभंच राहता येत नाही त्याला. दुसऱ्याच्या मागे विष्ठा वाळून चिकटली आहे. खायला भात आणि पोळीचा चुरा देते आहे.

सासूबाई भंडारा जिल्ह्यातल्या, लाखनीकडच्या. त्यांच्या माहेरी वीस-पंचवीस कोंबड्या असायच्या. त्या म्हणतात, "काऊन बाप्पा, बल्बाखाली कुठं पिल्लं जगतात! कोंबडीच्या पोटाखालीच जगतात." पण रात्री तीनला उठून खोक्यावर चादर सारखी करणाऱ्याही त्याच.

घर आमचं स्वतःचं आहे. मागे सांदवाडी आहे, ८ फूट रुंद आणि २२ फूट लांब. पश्चिमेला कंपाउंडची भिंत, एक सीताफळ, एक कढीपत्ता. वेल्डिंगवाल्याला बोलावलं होतं. त्याने भिंतीला टेकवून तीन बाजूंनी टीन, वर टीन आणि पुढे जाळी असं खुराडं सांगितलं आहे. सकाळी भिंतीवरून मुंगूस जातं, शेजारी मांजर आहे. आता ही चार जगवायची आहेत आणि पुढे नीट पाळायच्या आहेत. घरात रोज चार अंडी लागतात. कुठून सुरुवात करू?


पशुवैद्यक_तिसरं_वर्ष
१ फेब्रुवारी, रात्री ११:३५

ताई, बाकी सगळं उद्या. आज रात्री एवढं करा.

वर्तमानपत्र काढा आणि त्यावर पोतं किंवा जुना खरखरीत टॉवेल अंथरा. पेपरवर पाय घसरतात, आणि पहिल्या आठवड्यात घसरले की सांधे तसेच वळतात. ज्याचे पाय फाकले आहेत त्याच्या दोन्ही पायांना बँडेजची मऊ पट्टी सैल बांधा, मध्ये साधारण एक इंच अंतर ठेवा. लहान पिल्लू तीन-चार दिवसांत सावरतं, उशीर झाला तर नाही.

मागे चिकटलेली विष्ठा ओढू नका, कातडी निघते. कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने भिजवून भिजवून पुसा आणि लगेच कोरडं करा. ती जागा बंद राहिली तर पिल्लू दोन दिवसांत मरतं.

टेबललॅम्पचा दिवा बहुतेक एलईडी असेल. त्याला ऊब नसते. जुन्या पद्धतीचा ६० वॉटचा पिवळा बल्ब आणा आणि खोक्याच्या एका बाजूला टांगा, मध्यभागी नको. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करायचे. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बाखाली गठ्ठा करून बसली तर थंडी वाजते आहे, लांब जाऊन चोच उघडून बसली तर उकडतं आहे, खोकंभर पांगून फिरत असतील तर बरोबर आहे. खोक्याचे कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करा. कोपऱ्यात चढाचढी होते आणि खालचं गुदमरतं. तुमचं पहिलं हिरवं बहुतेक तसंच किंवा थंडीने गेलं असावं. आत्ता रात्री पारा १३-१४ वर येतो आणि त्यांच्या अंगावर नुसती लव आहे.

पाणी उथळ झाकणात ठेवा, त्यात चार गोट्या टाका म्हणजे पिल्लू बुडणार नाही. आज रात्रीपुरता त्यात गुळाचा खडा विरघळवा. भात-पोळी बंद करा. त्याने पोट भरतं, पण पिल्लाला साधारण २० टक्के प्रथिनं लागतात. पशुखाद्याच्या दुकानात "चिक स्टार्टर" सुटं मिळतं, उद्या एक किलो आणा.

आता जे सांगतो ते मुलीला कधी आणि कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा. टोपलीतली रंगीत पिल्लं बहुतेक अंड्यांच्या जातीचे नर असतात. उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात, माद्या अंड्यांच्या फार्मवर जातात आणि नर अंडी देत नाहीत म्हणून स्वस्तात विकले जातात. पुढे कुणीतरी ते रंगाच्या पाण्यात बुडवतो. त्यांना लशी दिलेल्या नसतात, प्रवासात पाणी नसतं, वर भिजवून वाळवलेलं असतं. तुमचं काही चुकलं म्हणून ती दोन गेली असं मला वाटत नाही. घरी आली तेव्हाच ती अर्धी संपलेली होती.

लासोटा या लशीचा एक थेंब डोळ्यात द्यायचा असतो, पाचव्या ते सातव्या दिवशी. मानमोडीपासून, म्हणजे राणीखेतपासून, तीच वाचवते. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, चार आठवड्यांनी पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस, आठ ते दहा आठवड्यांत आर-टू-बी, म्हणजे राणीखेतचीच पुढची लस. अडचण अशी की कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि एकदा फोडली की दोन तासांत संपवावी लागते. आसपास कोणाकडे कोंबड्या असतील तर एकाच दिवशी सगळ्यांनी मिळून करा. लस बर्फात आणायची, पर्समध्ये टाकून नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालयाच्या चिकित्सालयात विचारा.

सीताफळाखालचा खड्डा दोन फूट खोल नसेल तर वरून माती आणि चुना टाका. मुंगूस उकरतं.


सांदवाडी_हुडकेश्वर
२ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

लेकीच्या वयाची असशील, म्हणून अगंतुगं करते.

मी ६३ वर्षांची आहे, चौदा वर्षांपासून कोंबड्या पाळते. सहापासून सुरुवात केली, मध्यंतरी बावीस झाल्या होत्या, आता सात आहेत आणि सातच ठेवणार. पिल्लांचं त्या पोराने नीट सांगितलं आहे, त्यात मी हात घालत नाही. मला त्या वेल्डिंगवाल्याविषयी बोलायचं आहे. त्याला आजच फोन करून थांबव.

माझं पहिलं खुराडं अगदी त्याने सांगितलं तसंच होतं. तीन बाजूंनी टीन, वर टीन, तोंड पश्चिमेला, कारण जागा तिकडेच होती. डिसेंबरात बांधलं. थंडीत बांधलं, म्हणून सगळा विचार थंडीचाच केला. वारा लागू नये, पिल्लं गारठू नयेत. जानेवारीत शेजारणी बघायला यायच्या, किती घट्ट केलं म्हणायच्या, आणि मला बरं वाटायचं.

मग मे आला. त्या दिवशी दुपारी अडीचला मी त्यांना पाणी ठेवून घरात आले आणि कूलरपुढे पडले. चारला उठून गेले. जाळीच्या दाराची कडी हाताला भाजली. आत नऊ कोंबड्या होत्या, चार मेलेल्या. पाय ताणून नाही, बसल्या जागी मान पुढे टाकून, झोपल्यासारख्या. स्टीलच्या भांड्यातलं पाणी आंघोळीला काढतो तेवढं गरम झालं होतं. काळी तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, त्या भांड्यात दोन्ही पाय ठेवून उभी होती, पंख अंगापासून वेगळे धरलेले, चोच उघडी, आत जीभ लवलव करत होती आणि गळा धडधडत होता. मी तिला उचललं तर अंग तव्यासारखं. बादलीत साधं पाणी घेतलं, बर्फाचं नाही, आणि मानेपर्यंत बुडवून धरलं. बाकीच्या चौघींनाही एकेक करून. त्या पाचही जगल्या. काळी पुढे तीन वर्षं अंडी देत होती.

मला सगळ्यात जास्त हे लागलं की आवाज आला नव्हता. मुंगूस आलं, साप आला तर कोंबड्या गल्ली डोक्यावर घेतात. उन्हाने मरताना त्या गप्प होतात. म्हणून मे महिन्यात सांदवाडी शांत वाटली की मी चप्पल न घालताच पळते.

कोंबडीला घाम येत नाही ग. तोंड उघडून धापा टाकायच्या, त्यातून अंगातली वाफ बाहेर सोडायची, तेवढाच तिचा उपाय. पारा तिशीच्या वर गेला की ती धापा टाकू लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात तो ४५-४६ ला जातो. म्हणून नागपुरात खुराडं मे महिन्यासाठी बांधायचं. थंडीचं काय, डिसेंबरात चार रात्री पोत्याचा पडदा सोडला की झालं.

तुझ्या सांदवाडीचा नकाशा वाचून सांगते. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री दहापर्यंत ऊन ओकते. तिला टेकवून खुराडं म्हणजे चुलीला टेकवून पाळणा. भिंतीपासून दोन फूट सोड आणि सीताफळाच्या सावलीकडे सरक. भिंतीला आतून पांढरा चुना मार. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेव, म्हणजे उत्तर आणि दक्षिण या दोन लांब बाजू जाळीच्या होतात, वारा आरपार जातो आणि ऊन आत शिरत नाही. तुझी जागा आठ फूट रुंद आहे, त्यातले दोन सोडलेस तर सहा बाय चारचं बसतं. चार-पाच कोंबड्यांना पुष्कळ झालं. पश्चिमेची बाजू तेवढी बंद कर, तीही विटांनी किंवा बांबूच्या तट्ट्याने. छप्पर डोक्याएवढं उंच. टीन टाकायचंच असेल तर टाक, पण त्यावर वीतभर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, किंवा पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा, थर हवा, दोरीने आवळून. सासूबाईंना सांग, लाखनीकडे धान आहे, तणस त्या मागवतील.

कूलरच्या वाळ्याच्या जुन्या टट्ट्या फेकू नको. मार्चमध्ये कूलर साफ करशील तेव्हा त्या जपून ठेव. झळा लागतात त्या बाजूला टांगायच्या आणि बारा, दोन, चार असं तीनदा पाणी मारायचं. टट्ट्या नसतील तर पोती. पाण्यासाठी मातीची परळं आण, तीन, आणि तीनही सावलीत वेगवेगळ्या ठिकाणी. एकच भांडं असलं की दांडगी कोंबडी बाकीच्यांना पिऊ देत नाही. दाणा सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी दाणा नाही, कारण पचवतानाही अंगात उष्णता तयार होते. दुपारी टरबुजाची सालं टाक, काकडी टाक.

मे महिन्यात अंड्याचं कवच पातळ होतं, बोट लावलं की दबतं. लोक म्हणतात चुना कमी पडला. तेवढंच नसतं ते. धापा टाकताना तिच्या श्वासातून जो वायू जास्त निघून जातो, तोच कवच बनायला लागतो. शिंपल्याचा चुरा दे, पण संध्याकाळी दे, कवच रात्रीच चढतं. अंडी कमी झाली तरी रागावू नको, उन्हाळ्यात ती जगते आहे तेवढं पुष्कळ.

आणि सगळ्यात मोठी चूक लोक जूनमध्ये करतात. पहिला पाऊस पडला तरी पोती ओली करतच राहतात. कोरड्या हवेत ओलं पोतं गारवा देतं, दमट हवेत काहीच देत नाही. उलट खालचं तूस भिजतं, अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि रक्ती हगवण येते. पाऊस आला की पोती त्याच दिवशी काढायची.

बाकीचं थोडक्यात. खाली धानाचं तूस तीन-चार इंच, रोज काडीने हलवायचं, वास येत नाही. बसायला दोन इंच जाडीची आडवी काठी, जमिनीपासून अडीच फूट. अंड्यांसाठी संत्र्याची लाकडी पेटी आडवी ठेवून आत तणस, चार कोंबड्यांना एक पुरते. एका कोपऱ्यात राख आणि माती, त्यात लोळून त्या उवा झाडतात.

अंड्यांसाठी म्हणशील तर एक दिवसाची पिल्लं घेऊ नको. दोन-अडीच महिन्यांच्या, लशी झालेल्या तलंगा घे. गिरिराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती चालतील. नुसती गावठी वर्षाला ६०-८० अंडी देते, पण खुडूक बसते आणि पिल्लं सांभाळते. तुझ्या सासूबाई म्हणतात ते तिच्याबद्दल खरं आहे, २१ दिवस ती जागची हलत नाही. कडकनाथ घ्यायला पुष्कळ जण सांगतील. देखणा पक्षी आहे, झाबुआचा, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण अंडी कमी आणि खुडूक बसायची खात्री नाही. पहिल्या वेळी नको.

खर्च आधीच मोजून ठेव. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते. चौघींना महिन्याला जवळजवळ पंधरा किलो. कनकी म्हणजे तांदळाची कणी, तुरीची चुरी, भाजीचा पाला, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या काड्या हे वरून द्यायला छान, पण लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं, खाद्य पूर्ण बंद केलंस तर अंडी बंद. फल्लीची, म्हणजे शेंगदाण्याची, ढेप घेतलीस तर वास घेऊन घे, बुरशीचा अंश असला तरी टाकून दे. ती विष असते.


दाभा_टेकडी
२ फेब्रुवारी, दुपारी १:२०

काकूंनी उन्हाचं लिहिलं, मी मुंगसाचं लिहितो. आमचा भाग गोरेवाड्याच्या जंगलाला लागून आहे, मुंगूस रोजचंच.

षटकोनी भोकांची जी पातळ जाळी "कोंबडी जाळी" म्हणून मिळते ती कोंबडी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. कुत्रं तर दाताने फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी घ्या. महाग पडते, पण एकदाच. जमिनीला लागून ती बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर विटा ठेवा. प्राणी जाळीच्या मुळाशीच उकरतो, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. माझ्याकडे सगळं पक्कं होतं, फक्त दाराखाली तीन बोटांची फट होती. एका पहाटे सहा पिल्लांपैकी एकही उरलं नाही आणि खाल्लेलं फक्त एक होतं. त्यानंतर दाराला खाली उंबरा केला. कडीही नुसती सरकणारी नको, अडकवायची हवी.

दाणा पत्र्याच्या डब्यात. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग येतो.

मेलेला पक्षी उघड्यावर किंवा कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. जानेवारी २०२५ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातल्या तीन वाघांचा आणि एका बिबट्याचा मृत्यू बर्ड फ्लूने झाल्याचं समोर आलं, तेव्हापासून आमच्याकडे सगळे सावध आहेत. दोन-तीन पक्षी एकदम गेले तर हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.


महालातला_वाडा
२ फेब्रुवारी, रात्री ९:०५

ताई, मी कोंबड्या पाळत नाही, माझ्या शेजाऱ्याने पाळल्या होत्या. कोंबड्यांचा त्रास काहीच नव्हता. कोंबड्याचा होता. पहाटे चारला सुरू व्हायचा आणि आमच्याकडे त्या वर्षी मुलगी बारावीला होती. मी वर्षभर बोललो नाही आणि शेवटी फार वाईट शब्दांत बोललो, त्याचं आजही वाईट वाटतं. तुमच्या दोन्ही बाजूंच्या घरी आधी जाऊन सांगा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लं हवी असतील तर लागतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.


बेसा_रोड
२४ मार्च, रात्री ९:४०

सगळ्यांना आधी सांगते, चारही जगली. गुलाबीच्या पायाची पट्टी चौथ्या दिवशी काढली, थोडं लंगडतं पण पळतं. लासोटा आमच्या गल्लीत पलीकडे एक गृहस्थ कबुतरं आणि कोंबड्या पाळतात, त्यांच्यासोबत मिळून केली. कुपी थर्मासात बर्फ घालून आणली.

रंग कसा जातो ते मुलीने वहीत लिहून ठेवलं आहे. आधी पंखाच्या टोकाला पांढरी पिसं फुटली, मग शेपटीला, मग पाठीवर. तिसऱ्या आठवड्यात गुलाबी फक्त डोक्यावर आणि मानेवर उरला होता, टोपी घातल्यासारखा. आता चारही पांढरेशुभ्र आहेत आणि चौघांचेही तुरे लालभडक. चारही नर. मी तिला सगळं सांगितलं, टोपली, रंगाचं पाणी, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना कोणीच घेत नव्हतं." त्या बुधवारपासून बाजारात ती टोपली असते त्या रांगेने आम्ही जात नाही.

वेल्डिंगवाल्याला थांबवलं. गवंड्याकडून पश्चिमेला तीन फूट विटा, वर बांबूचा तट्टा. सहा बाय चार, लांब बाजू उत्तर-दक्षिणेला उघड्या. जाळी अर्धा इंचाची, तिनेच निम्मे पैसे खाल्ले. तणस लाखनीहून आलं, सासूबाईंच्या भावाने टेम्पोत टाकून दिलं. परत जाताना त्याच टेम्पोतून तीन कोंबडे लाखनीला गेले, तिथे मोकळं वावर आहे. लंगडा इथेच राहिला, मुलीने त्याला जाऊ दिलं नाही. दोन्ही शेजाऱ्यांना विचारलं. एका घरी बारावी नाही, दुसऱ्या घरी आजोबा पहाटे चारलाच उठतात.

रविवारी तीन ग्रामप्रियाच्या तलंगा आणते आहे. थेट कोंबड्यासोबत सोडू का?


पशुवैद्यक_तिसरं_वर्ष
२४ मार्च, रात्री १०:१५

थेट नको. निदान दोन आठवडे वेगळ्या ठेवा, भांडी वेगळी, आणि आधी जुन्याला दाणा द्या, मग नव्यांना. नव्या पक्ष्यांनी काही आणलं असेल तर तेवढ्यात दिसतं. नाक वाहणं, हिरवी विष्ठा, मान वळवणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका, लगेच घेऊन या. लशींचा कागद विकणाऱ्याकडून मागून घ्या, तारखांसकट.


सांदवाडी_हुडकेश्वर
२५ मार्च, सकाळी ५:५५

नवीन खुराड्यात पहिले पाच-सहा दिवस बंदच ठेव, बाहेर सोडू नको. मग संध्याकाळी आपणहून आत येतात, मागे धावावं लागत नाही. रोज दार लावताना मोजायच्या. मी चौदा वर्षं मोजते आहे, एकदाही चुकवलं नाही.

लंगड्याला खालची काठी दे, वीतभर उंचीची. वर उडता येणार नाही त्याला आणि रात्रभर तो जमिनीवर बसायला नको.


बेसा_रोड
२७ मे, दुपारी ३:३०

काकू, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागला आहे. पार्किंगच्या टिनाखाली थर्मामीटर ४७ दाखवतो आहे, खुराड्यात ३९. टट्ट्यांना दोनला पाणी मारलं. चौघेही चोच उघडून बसले आहेत पण परळाकडे उठून जातात, पितात. लंगडा सीताफळाच्या बुंध्याशी मातीत खड्डा करून त्यात पोट टेकवून बसला आहे. आवाज नाही म्हणून तीनदा जाऊन आले. सासूबाई खुर्ची टाकून तिथेच बसल्या आहेत. एवढी धाप चालेल का, की बादली काढू?


सांदवाडी_हुडकेश्वर
२७ मे, दुपारी ३:३८

उठून पाणी पिते आहे तोवर बादली नको, उगाच पकडापकडीत जास्त तापते. पंख जमिनीला टेकले, मान हलू लागली, हाक मारूनही उठली नाही, तर मात्र लगेच बुडव. परळातलं पाणी बदल, माठातलं घाल. लंगड्याच्या खड्ड्याभोवतीची माती शिंपड, खड्ड्यात नको. सासूबाईंना सांग, त्यांनी टोपी घालावी आणि स्वतःही पाणी प्यावं.


बेसा_रोड
१४ जून, दुपारी ४:०५

सगळे चौघे आहेत. आज आभाळ भरून आलं आहे, घामाघूम होतंय. टट्ट्यांना दोनदा पाणी मारलं पण आज गारवाच लागत नाही, आणि खालच्या तुसाचा वास यायला लागला आहे. अजून पाणी वाढवू का?


सांदवाडी_हुडकेश्वर
१४ जून, दुपारी ४:३२

नको नको, पाणी बंद कर. हुडकेश्वरला आत्ता सर सुरू झाली, तुझ्याकडे अर्ध्या तासात पोचेल. टट्ट्या आणि पोती आत्ताच काढ. ओलं झालेलं तूस फावड्याने भरून बाहेर काढ, खाली चुना भुरभुरव, वर कोरडं टाक. कोरडं नसेल तर रिक्षा करून ये, माझ्याकडे दोन पोती आहेत.